मराठी गाण्यांची नावे पुन्हा पुन्हा बिघडतात तेव्हा: लिनक्सवर संगीत जमवणाऱ्यांसाठी समस्या निवारण

लिनक्सच्या संगणकावर जमवलेली मराठी गाणी दुसऱ्याला पाठवली की ती वाजतात, पण गाण्याचे, गायकाचे आणि अल्बमचे नाव दिसायला हवे तिथे चौकोन, प्रश्नचिन्हे किंवा भलतीच रोमन अक्षरे येतात. बसून नावे दुरुस्त केली की काही काळ सगळे नीट दिसते आणि पुढच्या खेपेला कुणाच्या तरी पेनड्राइव्हवर, गाडीतल्या स्टिरिओवर किंवा फोनवर तोच गोंधळ परत उभा राहतो. सिंधुदुर्गात ही तक्रार गणपतीच्या आगेमागे हटकून येते. चाकरमानी गावी आले की आरत्या, डबलबारीची (दोन भजनी बुवांच्या सामन्यातली) भजने आणि दशावताराची ध्वनिमुद्रणे मागतात, परतताना पेनड्राइव्ह भरून नेतात आणि गाडी कणकवलीच्या पुढे जाते न जाते तोच विचारणा होते, "गाणी वाजतत, पण नावां खंय गेली?"

हा एक बिघाड नाही. वरवर सारखे दिसणारे चार-पाच वेगवेगळे बिघाड आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर शाबूत असलेली नावेही हातची जातात. म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी पडद्यावर नेमके काय दिसते ते पाहावे, आणि ते फाइलच्या नावात दिसते की फाइलच्या आतल्या टॅगमध्ये, म्हणजे गाण्याची माहिती साठवणाऱ्या नोंदीत, तेही पाहावे. यासाठी किड३ हा प्रोग्रॅम मला सर्वांत सोयीचा वाटतो, कारण त्यात एका बाजूला फाइलची नावे आणि दुसऱ्या बाजूला टॅगची प्रत्येक जात स्वतंत्र रकान्यात दिसते. गाणी वाजवणारे प्रोग्रॅम या साऱ्याची सरमिसळ करून एकच नाव दाखवतात, त्यामुळे त्यांच्यावरून निदान होत नाही.

लक्षणावरून निदान

अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील तर फाइलला काहीही झालेले नाही. त्या यंत्रावर देवनागरी फॉन्ट नाही, एवढेच. डेबियन आणि उबुंटूवर 'फॉन्ट्स-देवा' हे पॅकेज किंवा नोटो सॅन्स देवनागरी हा फॉन्ट बसवला की काम झाले. गाडीतल्या स्टिरिओत फॉन्ट बसवण्याची सोय बहुधा नसते, तेव्हा तिथल्यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागते. ती पुढे सांगितली आहे.

दुसरे लक्षण ओळखायला सोपे आणि दिसायला भयंकर असते. डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा रोमन 'ए' पुन्हा पुन्हा येतो आणि प्रत्येक वेळी त्याच्यामागे चार कोपऱ्यांना काड्या फुटलेले वर्तुळ किंवा जपानी येनचे चिन्ह असते. असे दिसले तर समाधान मानावे, कारण मूळ नाव बहुधा जसेच्या तसे आत शिल्लक असते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो, काना असो वा अनुस्वार, युटीएफ-८ या संकेतनात, म्हणजे अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत, तीन बाइट घेते. त्यांतला पहिला बाइट प्रत्येक चिन्हाला तोच असतो, दुसरा फक्त दोनपैकी एक असतो आणि खरा फरक तिसऱ्यात असतो. हे बाइट पश्चिम युरोपातील भाषांसाठी केलेल्या लॅटिन-१ या जुन्या तक्त्यानुसार वाचले, की पहिल्याचा तो रेघवाला 'ए' होतो आणि दुसऱ्याचे काड्यांचे वर्तुळ किंवा येन होते. थोडक्यात, मजकूर बरोबर आहे, वाचणारा चुकीचा तक्ता धरून बसला आहे.

तिसरे लक्षण प्रश्नचिन्हांचे. टॅगमध्ये खरोखर प्रश्नचिन्हेच साठवलेली असतील तर तिथले मूळ नाव गेले. कोणत्याही प्रोग्रॅमने ते परत येणार नाही, पुन्हा टंकावेच लागेल. मात्र प्रश्नचिन्हे फक्त फाइलच्या नावात आणि फक्त पेनड्राइव्हवरच दिसत असतील तर आशा आहे. डेस्कटॉपवर पेनड्राइव्ह आपोआप जोडला जातो तेव्हा युटीएफ-८ चा पर्याय लावलेला असतो; पण टर्मिनलवरून हाताने जोडला, किंवा डिस्क जोडण्याच्या सूचना असलेल्या 'एफएसटॅब' या फाइलमध्ये स्वतः ओळ लिहिली, तर तो पर्याय राहून जाऊ शकतो आणि देवनागरी नावांची प्रश्नचिन्हे होतात. अशी फाइल कधी कधी उघडतही नाही. पेनड्राइव्ह काढून युटीएफ-८ च्या पर्यायासह पुन्हा जोडला की नावे जागच्या जागी दिसतात. रात्री आपोआप चालणाऱ्या कामांतही हाच प्रकार घडतो, कारण क्रॉन या वेळापत्रकाच्या व्यवस्थेखाली चालणाऱ्या स्क्रिप्टला तुमच्या खात्याची भाषेची मांडणी मिळतेच असे नाही. स्क्रिप्टच्या सुरुवातीला युटीएफ-८ ची मांडणी स्पष्ट लिहावी.

रोमन अक्षरे दिसतात, पण त्यांत रेघवाला 'ए' नाही आणि वाचताना शब्दही लागत नाहीत, नुसत्या व्यंजनांची दाटी आहे, अशी नावे जुन्या सीडीवरून उतरवलेल्या गाण्यांत सापडतात. युनिकोड रुळण्यापूर्वी छपाईच्या दुकानांत श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांत मराठी टंकले जाई. त्यांत मजकूर रोमन संकेतांतच साठवला जाई आणि फॉन्ट त्याला देवनागरीचे रूप देई. इथे संकेतनाचा उपाय चालत नाही. कोणता फॉन्ट होता ते ठाऊक असेल तर त्या फॉन्टचा परिवर्तक वापरता येतो, पण दहा-वीस गाण्यांसाठी ती शोधाशोध करण्यापेक्षा नावे नव्याने टंकणे लवकर होते.

शेवटचे लक्षण तुटक्या नावाचे. नाव बरोबर सुरू होते आणि मध्येच तुटून शेवटी एक विचित्र चिन्ह राहते. एमपी३मध्ये टॅग साठवण्याच्या आयडी३ या पद्धतीची १९९६ सालची पहिली आवृत्ती एमपी३ फाइलच्या अगदी शेवटच्या १२८ बाइटांत बसते आणि तिच्यात गाण्याच्या नावाला ३० बाइट मिळतात. 'वेतोबाची पालखी' हे नाव घ्या. त्यात देवनागरी चिन्हे तेरा आणि एक मोकळी जागा, म्हणजे युटीएफ-८ मध्ये ४० बाइट होतात. पहिल्या शब्दाला २४, मोकळ्या जागेला १ आणि 'प'ला ३ मिळून २८ बाइट झाले की उरलेल्या दोन बाइटांत तीन बाइटांचा काना बसत नाही. त्याचे दोन तृतीयांश आत जातात आणि तोच तुकडा पडद्यावर विचित्र चिन्ह बनून दिसतो. आरवलीच्या वेतोबाला तीस बाइट पुरत नाहीत, तिथे मंडळांच्या लांबलचक नावांची काय कथा.

टॅगची दुरुस्ती

आयडी३ची २.३ ही आवृत्ती १९९९ची आणि २.४ ही २००० सालची. २.३ मध्ये मजकूर साठवण्याच्या दोनच अधिकृत पद्धती आहेत, लॅटिन-१ आणि युटीएफ-१६. युटीएफ-८ची मुभा २.४ मध्ये आली. रेघवाल्या 'ए'चा उगम बहुतेक वेळा इथेच असतो: एखादा प्रोग्रॅम बाइट युटीएफ-८चे लिहितो आणि वर शिक्का लॅटिन-१चा मारतो. तो प्रोग्रॅम स्वतः आपली चूक समजून घेऊन नाव नीट दाखवतो, म्हणून घरच्या संगणकावर काहीच खटकत नाही. दुसरा वाचक शिक्क्यावर विश्वास ठेवतो आणि फसतो.

यावरचे हत्यार म्हणजे पायथनच्या म्युटाजेन या लायब्ररीसोबत येणारा 'मिड३आयकॉन्व्ह' हा छोटा प्रोग्रॅम. मूळ संकेतन युटीएफ-८ आहे असे त्याला सांगितले की तो लॅटिन-१चा शिक्का असलेला मजकूर पुन्हा वाचून योग्य शिक्क्यासह लिहितो. त्यात फाइल न बदलता केवळ निकाल दाखवण्याचा पर्याय आहे. पहिली फेरी नेहमी तशीच काढावी आणि पडद्यावर नावे नीट वाचता आली तरच प्रत्यक्ष बदल करावा. आयडी३ची पहिली आवृत्ती काढून टाकण्याचा पर्यायही त्यातच आहे आणि तो लावायला हरकत नाही. हा प्रोग्रॅम टॅग २.४ मध्ये लिहितो, ही गोष्ट मात्र लक्षात ठेवावी, कारण अनेक जुने कार-स्टिरिओ आणि स्वस्त स्पीकर २.४ वाचत नाहीत. म्हणून त्यानंतर फाइली किड३मध्ये उघडून त्याच्या साधनांच्या यादीतील २.४ वरून २.३ करण्याचा पर्याय चालवावा आणि मजकुराचे संकेतन युटीएफ-१६ ठेवावे. माझ्या मते वाटण्यासाठीच्या एमपी३ला हीच जोडी सर्वांत सुरक्षित आहे. तांत्रिकदृष्ट्या २.४ अधिक देखणी असेल, पण आपल्याला ती स्पर्धेत पाठवायची नाही, पेनड्राइव्हवर घालून गावातल्या गाड्यांत वाजवायची आहे.

काही वेळा रूपांतर होते, पण नावात मधूनमधून भोके राहतात आणि ती नेमकी ठरावीक अक्षरांच्याच जागी असतात. याचे कारण पाहण्यासारखे आहे. विंडोजचा १२५२ क्रमांकाचा तक्ता लॅटिन-१ सारखाच असला तरी त्यात पाच घरे रिकामी आहेत. देवनागरीतील ऱ्हस्व उकार, हलन्ताचे चिन्ह, ए, ऐ, झ आणि ॐ यांचा तिसरा बाइट बरोबर त्याच रिकाम्या घरांत पडतो. मध्ये कुठे तरी एखाद्या काटेकोर प्रोग्रॅमने या तक्त्यातून मजकूर नेला असेल, तर त्या बाइटांच्या जागी प्रश्नचिन्ह बसते. 'गणपती' सुखरूप परत येतो. 'कुडाळ'चा उकार जातो आणि 'शिमग्या'तले जोडाक्षर फुटते. ही भोके हातानेच बुजवावी लागतात. तसेच बिघडलेला मजकूर नंतर कुणी युटीएफ-१६ मध्ये साठवून ठेवला असेल तर 'मिड३आयकॉन्व्ह' त्याला हात लावत नाही; तिथे पायथनचीच 'एफटीएफवाय' ही लायब्ररी उपयोगी पडते, पण तिला थोडी स्क्रिप्ट लिहावी लागते.

फ्लॅक, ऑग व्हॉर्बिस आणि ओपस या ध्वनी-फाइलींच्या प्रकारांत हा सारा व्याप नाही. त्यांच्या टॅगला युटीएफ-८ हे एकच संकेतन ठरवून दिलेले आहे. त्यामुळे मूळ संग्रह फ्लॅकमध्ये ठेवावा आणि वाटण्यापुरती एमपी३ त्यातून बनवावी, असा माझा आग्रह आहे. रात्रभराच्या दशावताराचे ध्वनिमुद्रण डब्ल्यूएव्हीमध्ये ठेवू पाहणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा: ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटांचे स्टिरिओ ध्वनिमुद्रण तासाला साधारण १ जीबी होते, आणि फॅट३२ ही फाइल-व्यवस्था असलेल्या कार्डावर एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. म्हणजे संकासुराचा प्रवेश आणि राजाची युद्धे एका फाइलमध्ये मावतीलच असे नाही. डब्ल्यूएव्हीच्या जुन्या टॅगला संकेतनाचा नियमही नाही, तेव्हा तिथे देवनागरी लिहिणे हा जुगारच.

दुरुस्ती टिकत नाही ती का

इथे या समस्येचे खरे मूळ आहे. नाव एकदा बरोबर लिहिल्यानंतर ते पुन्हा बिघडते असे आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा ते बिघडत नाही; दुरुस्त न झालेली दुसरी प्रत पुढे येते.

अशी प्रत कधी त्याच फाइलमध्ये दडलेली असते. एमपी३मध्ये आयडी३ची पहिली आवृत्ती शेवटी, दुसरी सुरुवातीला आणि कधी त्यांच्या जोडीला एपीई नावाचा तिसरा टॅग, असे तीन एकत्र नांदू शकतात. आपण दुरुस्त करतो तो एक. गाडीतला स्टिरिओ वाचतो तो दुसरा. किड३मध्ये टॅग १ आणि टॅग २ वेगवेगळे दिसतात, त्यांतला टॅग १ सरळ काढून टाकावा. तीस बाइटांत मराठी मावत नाही, तेव्हा तो ठेवण्यात फायदा काहीच नाही. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हा टॅग भरणारा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी त्याच्या पर्यायांत टॅगच्या विभागात जाऊन चार गोष्टी तपासाव्यात: आवृत्ती २.३, संकेतन युटीएफ-१६, पहिल्या आवृत्तीचे टॅग लिहिण्याचा पर्याय बंद आणि एमपी३मधून एपीई टॅग काढण्याचा पर्याय चालू. फाइलला नाव देण्याच्या विभागात रोमनेतर अक्षरे बदलून टाकणारा एक पर्याय आहे. तो चुकून चालू असेल तर पिकार्ड तुमची देवनागरी नावे स्वतःच पुसतो, आणि दोष मात्र पेनड्राइव्हला दिला जातो. कलाकारांची नावे शक्य तिथे दुसऱ्या भाषेत बदलण्याचाही पर्याय त्यात आहे. तोही पाहून घ्यावा.

कधी जुनी प्रत वाजवणाऱ्या प्रोग्रॅमच्या नोंदवहीत असते. स्ट्रॉबेरी, रिदमबॉक्स यांसारखे प्रोग्रॅम संग्रहाची यादी स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतात आणि फोनही तेच करतो. बाहेरून टॅग बदलला तर त्यांना ते लगेच कळतेच असे नाही. स्ट्रॉबेरीत संग्रहाची पूर्ण फेरतपासणी करण्याचा पर्याय आहे. फोनवर त्याच नावाच्या फाइलवर नवी फाइल लादण्यापेक्षा जुनी आधी पुसून मग नवी टाकावी.

आणि कधी दुरुस्त केलेली फाइल पेनड्राइव्हवर पोहोचलेलीच नसते. हा प्रकार चटकन लक्षात येत नाही, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो. संग्रहाची प्रत ठेवण्यासाठी लिनक्सवर बहुतेक जण आरसिंक वापरतात. फाइल बदलली आहे की नाही हे आरसिंक नेहमीच्या पद्धतीत दोन गोष्टींवरून ठरवतो: फाइलचा आकार आणि तिची शेवटची बदलाची वेळ. आयडी३ टॅगच्या मागे बरेचदा रिकामी जागा राखून ठेवलेली असते, त्यामुळे नाव बदलले, अगदी लांबले, तरी फाइलचा आकार एका बाइटनेही बदलत नाही. आता टॅग लिहिणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फाइलची जुनी वेळ तशीच राखण्याचा पर्याय चालू असेल तर वेळही बदलत नाही. आकार तोच, वेळ तीच. आरसिंकच्या लेखी फाइल तीच, आणि तो तिला ओलांडून पुढे जातो. तुम्ही दुरुस्ती केली, प्रत घेण्याची आज्ञा दिली, काही चुकल्याचा संदेश आला नाही आणि पेनड्राइव्हवर जुनेच नाव राहिले. उपाय दोन आहेत. वेळ राखण्याचा पर्याय बंद करावा, किंवा दुरुस्तीनंतरच्या पहिल्या खेपेला आरसिंकला 'चेकसम'चा पर्याय द्यावा, म्हणजे तो प्रत्येक फाइल आतून पडताळतो. याला वेळ लागतो. उलटा त्रासही होतो: फॅट प्रकारच्या पेनड्राइव्हवर वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यांनी नोंदली जाते, त्यामुळे काहीही न बदलता आरसिंक साऱ्या फाइली पुन्हा उतरवू लागतो. वेळेतला एका सेकंदाचा फरक दुर्लक्षित करण्याचा पर्याय त्यासाठीच आहे.

यातून एक शिस्त निघते. संग्रहाची एकच मूळ प्रत ठरवावी, दुरुस्ती फक्त तिच्यावर करावी आणि वाटप फक्त तिच्यातूनच करावे. पेनड्राइव्हवरून पेनड्राइव्हवर, फोनवरून फोनवर नेलेल्या प्रती दुरुस्त करत बसणे म्हणजे गळक्या कौलाखाली टोपली सरकवत राहणे होय.

दिसायला सारखी, आतून वेगळी

काही संग्रहांत नावे अगदी शुद्ध दिसतात, तरी एकाच अल्बमचे दोन अल्बम होतात किंवा शोधल्यावर गाणे सापडत नाही. 'वाऱ्यावर' हा शब्द दोन प्रकारे साठवता येतो: एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि 'य' असतात, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त, डोळ्यांना न दिसणारे जोडणी-चिन्ह आणि 'य'. पडद्यावर तीच अर्धचंद्री रफाराची आकृती उमटते, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. 'ॲ'चेही तसेच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्याआधीचे लोक 'अ'वर चंद्र देत किंवा हिंदीतला 'ऍ' वापरत. म्हणून जुन्या टॅगांत तिन्ही सापडतात. यांतले एक रूप ठरवून सगळीकडे तेच करावे. मी पहिले, म्हणजे स्वतंत्र 'ऱ' धरतो, कारण इनस्क्रिप्ट कळफलकावर तो 'र'च्याच कळीवर शिफ्टसह मिळतो.

मुंबईहून कुणी मॅकवरची जुनी डिस्क आणली तर आणखी एक भेद निघतो. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल-व्यवस्था नावातल्या 'ऱ'ची 'र' आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) अशी फोड करून साठवते. लिनक्स बाइटनिशी तुलना करतो, त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये दिसायला एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी बसलेल्या आढळतात. 'कॉन्व्हएमव्ही' हा प्रोग्रॅम अशी नावे एका रूपात आणतो. स्पष्ट सांगितल्याशिवाय तो प्रत्यक्ष बदल करत नाही, नुसते काय करणार ते दाखवतो; ही त्याची सवय मला फार आवडते. न दिसणाऱ्या जोडणी-चिन्हाचा भेद मात्र त्याच्याने मिटत नाही, तो शोधून बदलावाच लागतो.

फाइलची नावे

लिनक्सवर फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, म्हणजे देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हे, आणि त्यात काना-मात्राही धरले जातात. पेनड्राइव्हवर वापरल्या जाणाऱ्या फाइल-व्यवस्थांची मोजणी वेगळी असल्याने तिथे याच्या तिप्पट लांब देवनागरी नाव बसते. त्यामुळे दोन्ही प्रासादिक भजन मंडळांची पूर्ण नावे, गाव, सामन्याचे निमित्त आणि भाग क्रमांक घालून कुणी केलेले नाव पेनड्राइव्हवर चालते आणि लिनक्सवर उतरवताना नाव फार लांब असल्याची चूक येऊन अडते. उलट दिशेला अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह आणि दुहेरी अवतरणचिन्ह लिनक्सला चालतात, पण फॅट३२ आणि एक्सफॅटवर चालत नाहीत. झिप फाइलची तऱ्हा तिसरीच: नावे युटीएफ-८ मध्ये आहेत हे सांगणारी खूण तिच्यात नसेल तर उघडणारा प्रोग्रॅम ती जुन्या डॉसच्या तक्त्याने वाचतो.

या सगळ्यातून सुटका हवी असेल तर फाइलचे नाव रोमन लिपीत, छोटे आणि मोकळ्या जागांशिवाय ठेवावे, जसे गाव, प्रकार, वर्ष आणि क्रमांक. आणि संपूर्ण देवनागरी नाव टॅगमध्ये लिहावे. देवनागरीचा आग्रह मी सोडायला सांगत नाही, तो जिथे टिकतो तिथे धरायला सांगतो. ज्या स्टिरिओत देवनागरी फॉन्टच नाही, त्यावरही हे रोमन नाव निदान वाचता येते.

शोध आणि वाटप

नावे एकसारखी असण्याचा फायदा केवळ दिसण्यापुरता नाही. स्ट्रॉबेरीसारख्या प्रोग्रॅममधून लिसनब्रेन्झ या सेवेला ऐकलेल्या गाण्यांची नोंद पाठवता येते आणि तिथून सारख्या आवडीचे श्रोते व नवे संगीत सुचवले जाते. पण ही नोंद गाण्याच्या आणि कलाकाराच्या नावावरूनच जुळवली जाते. एकाच बुवांचे नाव एका टॅगमध्ये आडनावासह, दुसऱ्यात 'बुवा' जोडून आणि तिसऱ्यात रोमन लिपीत असेल, तर त्या यंत्रणेच्या दृष्टीने ते तीन कलाकार होतात आणि तिघांपैकी कुणाचेच ऐकणे नजरेत भरत नाही. जाखडी, शक्ती-तुरा, शिमग्यातल्या पालखीची गाणी यांच्या वाट्याला हेच येते.

पिकार्ड ध्वनीच्या ठशावरून गाणे ओळखतो हे खरे, पण तो ठसा अकूस्टआयडीच्या साठ्यात आधी कुणी तरी टाकलेला असावा लागतो. छापील सीडीवरचे गाणे त्यामुळे ओळखले जाईल. मागच्या जत्रेत मंडपात मुद्रित केलेला गजर ओळखला जाणार नाही, आणि जुळणीच्या नादात भलतेच नाव लागण्याचा धोका राहतो. अशा फाइली पिकार्डच्या आपोआप जुळणीतून बाहेर ठेवाव्यात. कलाकाराची नोंद म्युझिकब्रेन्झ या संगीताच्या खुल्या माहितीसाठ्यात नसेल तर ती कुणालाही खाते उघडून करता येते. मुख्य नाव देवनागरीत द्यावे, रोमन रूप उपनाव म्हणून जोडावे, आणि अल्बमच्या नोंदीत भाषा मराठी व लिपी देवनागरी नोंदवावी. म्हणजे कोणत्याही लिपीत शोधणाऱ्याला तीच व्यक्ती सापडते. ज्या बदलांना मतदान लागते ते सात दिवस खुले राहतात, म्हणून नोंद लगेच दिसली नाही तर ती पुन्हा करू नये.

पाठवण्यापूर्वी हक्कांचा विचार करावा. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे राहतो, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलाकाराचा स्वतःचा हक्क सादरीकरणाच्या पुढील वर्षापासून ५० वर्षे. डबलबारीचा सामना खुल्या मैदानात झाला म्हणून त्याचे ध्वनिमुद्रण आपले होत नाही. बुवांना आणि मंडळाला विचारावे, आणि होकार मिळाला तर तो लिहून घ्यावा.

होकार असेल तर इंटरनेट अर्काइव्ह ही जागा मला सर्वांत पसंत आहे. मूळ फ्लॅक चढवली की ऐकण्यासाठी एमपी३ तिथेच तयार होते. तिथल्या प्रत्येक नोंदीला एक ओळखनाव द्यावे लागते. ते रोमन अक्षरांतच असते आणि नंतर आपल्याला बदलता येत नाही, तेव्हा घाईने काहीही टंकू नये. शीर्षक देवनागरीत लिहून वर्णनात आणि विषयशब्दांत रोमन रूपही द्यावे. जिथे मोबाइलचे जाळे धड पोहोचत नाही अशा सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांत ऐकणाऱ्यांसाठी ओपसची प्रत वेगळी ठेवावी: ९६ किलोबिटला तासाचे ध्वनिमुद्रण साधारण ४३ एमबी होते, तर २५६ किलोबिटच्या एमपी३ला तेच ११५ एमबी लागते. निरोपाच्या ॲपवरून फाइल पाठवायची तर ती ध्वनी म्हणून न पाठवता दस्तऐवज म्हणून जोडावी, म्हणजे नाव आणि टॅग शाबूत पोहोचतात.

टॅगमध्ये सालाची जागा भरताना २.३ आवृत्तीत चार अंकी वर्षच बसते. जत्रांचा हंगाम कार्तिकापासून पुढे चालतो आणि एकाच हंगामाचे प्रयोग दोन इंग्रजी वर्षांत पडतात, म्हणून पूर्ण तारीख, तिथी आणि देवस्थानाचे नाव शेऱ्याच्या रकान्यात लिहावे आणि प्रयोगाचा क्रम अल्बमच्या नावावर न सोडता भाग क्रमांकाच्या रकान्यात द्यावा.